सॉलिड-स्टेट एनएमआर: रोटर वेग धरत नाही तेव्हा काय बघायचं आणि कुठे थांबायचं

सॉलिड-स्टेट एनएमआर म्हणजे घन नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्याच्या अणुकेंद्रांचा सिग्नल घेणं; त्यासाठी पावडर एका छोट्या नळीत, म्हणजे रोटरमध्ये, भरून हवेने गरगर फिरवतात. ४ मिलिमीटरचा रोटर आहे, तुम्ही १० किलोहर्ट्झ (सेकंदाला दहा हजार फेऱ्या) मागितलेत आणि यातलं काहीतरी घडतंय:

- वेग ३-४ किलोहर्ट्झपर्यंत चढतो आणि तिथेच घुटमळतो. ड्राइव्ह (रोटर फिरवणारी हवा) वाढवली तरी ढिम्म.
- १० पर्यंत पोचतो, पण आकडा नाचतो. कधी ५० हर्ट्झ वर, कधी १०० खाली.
- पडद्यावर शून्य, पण मॅग्नेटमधून शीळ स्पष्ट ऐकू येते.
- रात्री लावून गेलात, सकाळी बघता तर रोटर केव्हाच थांबलेला.
- वेग अगदी स्थिर आहे, पण स्पेक्ट्रममधली शिखरं नेहमीपेक्षा जाड आहेत.

शेवटचं लक्षण वेगळ्या दुखण्याचं आहे. त्याच्याकडे सगळ्यात शेवटी येऊ.

मी एका सामायिक उपकरण विभागात ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर बसते. "मॅडम, मशीन बिघडलंय" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. दहातल्या आठ-नऊ वेळा मशीन ठणठणीत असतं. बिघाड असतो रोटरमध्ये, त्याच्या झाकणात म्हणजे कॅपमध्ये, नाहीतर भरलेल्या पावडरीत. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि प्रोबपाशी (मॅग्नेटच्या आतला, रोटर धरणारा भाग) येऊन थांबतो.

हे एवढं मनावर का घ्यायचं, ते आधी सांगते. आमच्याकडे येणारे बरेचजण औषध आणि पॉलिमर यांच्या मिश्रणावर काम करतात. औषधाचा रेणू पॉलिमरला हायड्रोजन बंधाने धरतो का, आणि धरतो तर नेमका कुठे, हा त्यांचा प्रश्न. तो द्रावणात विचारून उपयोग नाही. विरघळवलं की ज्या पकडीबद्दल विचारायचंय तीच सुटते. त्यामुळे पावडर आहे तशी रोटरमध्ये ठासायची आणि चुंबकीय क्षेत्राशी ५४.७४ अंशांचा कोन करून गरगर फिरवायची. स्थायूत प्रत्येक कणाचं तोंड वेगळ्या दिशेला असतं, म्हणून सिग्नल पसरट येतो. या कोनात फिरवलं की पसरवणारा घटक सरासरीने शून्य होतो. १९५८ मध्ये रेमंड अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं, १९५९ मध्ये लोव यांनी स्वतंत्रपणे. तेव्हापासून आपण सगळे भोवरेवाले.

पण वेग अपुरा असेल तर पसरटपणा पूर्ण जात नाही, तो तुकड्यांत उरतो. हे तुकडे म्हणजे साइडबँड. ते खऱ्या शिखरापासून बरोबर फिरण्याच्या वेगाइतक्या अंतरावर बसतात, म्हणजे वेग हलला की तेही हलतात. आमच्या मशीनवर कार्बनची वारंवारता साधारण १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे १ पीपीएम (दशलक्षांश, शिखराची जागा मोजायचं एकक) म्हणजे १०० हर्ट्झ. वेग १०० हर्ट्झने डुलला तर पहिला साइडबँड १ पीपीएमने डुलतो, आणि दुसरा दोनने.

एका विद्यार्थिनीच्या औषध आणि पीव्हीपी (एक पॉलिमर) यांच्या मिश्रणात ५० पीपीएमच्या आसपास एक बुटका, पसरट उंचवटा आला होता. शुद्ध औषधात नव्हता, शुद्ध पॉलिमरमध्येही नव्हता. ती हरखून गेली होती: नवा बंध! मिश्रण अस्फटिक असल्यामुळे पसरट शिखराचं कुणालाच नवल वाटलं नाही. मी वेगाची नोंद मागितली. शुद्ध नमुने १० किलोहर्ट्झवर घेतलेले. मिश्रणाचा रोटर मात्र वर चढेना, म्हणून ८ वर भागवलेलं, आणि तिथेही तो डुलत होता. ॲरोमॅटिक कार्बन १३० पीपीएमला, ८ किलोहर्ट्झ म्हणजे ८० पीपीएम, वजा करा. तिच्याकडून वेग ५०० हर्ट्झने बदलून घेतला, तर उंचवटा ५ पीपीएम सरकला. खरं शिखर जागचं हलत नाही. ती बिचारी दिवसभर कुणाशी बोलली नाही.

तर आता तपासण्या.

शून्य दिसतंय, पण शीळ येतेय: आधी खूण बघा

वेग मोजणारा सेन्सर रोटरच्या कडेवर प्रकाश टाकतो आणि परत येणारा उजेड-अंधार मोजतो. रोटर झिर्कोनिया या सिरॅमिकचा, पांढरा, म्हणून कडेचा अर्धा भाग काळ्या मार्करने रंगवलेला असतो. ॲसिटोनने रोटर पुसला की शाई जाते, आणि ते कुणाच्याच ध्यानात राहत नाही. शाईला मधेच पांढरी फट पडली तर आणखी गंमत: एका फेरीत दोनदा उजेड, वेग दुप्पट वाचला जातो. तुम्ही १० समजून बसता, रोटर खरा ५ वर फिरत असतो.

खूण पुन्हा काढा, बरोबर अर्धा घेर, कडा स्वच्छ, आणि शाई वाळू द्या. खर्च एका मार्करचा.

शीळ ऐकू येत असताना आकडा शून्य आहे म्हणून हाताने ड्राइव्ह वाढवत नेणं, हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात महागडा मूर्खपणा. रोटर मर्यादेच्या वर केव्हा गेला ते तुम्हाला कळणारच नाही. ४ मिलिमीटरचा रोटर १० किलोहर्ट्झला मिनिटाला सहा लाख फेऱ्या मारतो. त्याचा पृष्ठभाग ताशी साडेचारशे किलोमीटरने पळत असतो. तो फुटला की प्रोबच्या आत काचेसारखा चुरा होतो.

याच वेळी कंट्रोलरवर निवडलेलं रोटरचं मापही बघून घ्या. आधीच्या माणसाने ३.२ मिलिमीटरचा प्रोब वापरून सेटिंग तसंच ठेवलेलं असतं. हे मी स्वतः दोनदा विसरले आहे.

केबीआरचा रोटर टाका

प्रत्येक लॅबमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड भरलेला एक जुना, भरवशाचा रोटर असतो. तो असला पाहिजे. तुमचा काढा, तो टाका, त्याच सेटिंगवर फिरवा. तो सरळ १० वर जाऊन ठाम उभा राहिला तर हवा, प्रोब, कंट्रोलर सगळं ठीक आहे. दोष तुमच्या रोटरात, म्हणजे पुढचे दोनच भाग वाचा. तोही अडखळला तर थेट हवेच्या भागावर उडी मारा.

पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने अर्धं जग तपासातून वगळलं जातं. तरी हे न करता लोक कॉम्प्रेसरच्या खोलीकडे धावतात.

केबीआरचा दुसरा फायदा असा की त्याने वेगाची उलटतपासणीही होते. ब्रोमाइनच्या सिग्नलवर टोकदार काटे दिसतात, दर फेरीला एक. ५ किलोहर्ट्झवर दोन काट्यांत ०.२ मिलिसेकंद हवेत. सेन्सर आणि काटे वेगळं सांगत असतील तर काट्यांवर विश्वास ठेवा.

रोटर आणि कॅप: भिंगाखाली

रोटर बेअरिंगच्या हवेच्या पातळ थरावर तरंगतो, कशालाही टेकत नाही. ड्राइव्हची हवा कॅपच्या पात्यांवर आदळून त्याला ढकलते. त्या थराची जाडी लक्षात घेतली की बोटाचा तेलकट ठसा किंवा बाहेर चिकटलेली चिमूटभर पावडर एवढी का नडते ते कळतं. आयसोप्रोपेनॉल आणि धागे न सुटणारा टिश्यू घ्या, पुसा, वाळवा, आणि नंतर फक्त हातमोज्याने धरा. खूण गेली असेल तर पुन्हा काढा!

मग दहापट भिंग. कॅपची पाती मोजत जा. एखादं टवका उडालेलं, वाकलेलं, टोकाला वितळल्यासारखं दिसलं तर कॅप बाद. मग कॅप बसते कशी ते बघा. रोटरच्या ओठावर ती सपाट टेकली पाहिजे, आडवं धरून उजेडाकडे बघितलं तर फट दिसता कामा नये. कॅप आणि ओठ यांच्यामध्ये पावडरीचा एक कण अडकला तरी ती तिरकी बसते, आणि तिरक्या कॅपचा रोटर ३-४ किलोहर्ट्झवर अडतो. पहिल्या लक्षणाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

बसवताना हाताला विरोध जाणवला पाहिजे. डब्याच्या सैल झाकणासारखी सहज आत गेली तर ती कॅप पुढच्या प्रयोगात उडणार. केल-एफ या प्लॅस्टिकच्या कॅपा पुन्हा पुन्हा काढून-घालून सैल होतात. थंडीत त्या झिर्कोनियापेक्षा जास्त आकसतात, गरमीत मऊ पडतात; तापमान बदलून प्रयोग करायचा असेल तर त्या तापमानाला चालणारी कॅप घ्या. कॅपेची किंमत रोटरच्या मानाने किरकोळ आणि रोटरची प्रोबच्या मानाने. कॅप फेकताना जीव कासावीस होणारे लोक मला कळत नाहीत.

रोटरला बारीक तडा आहे का तेही याच भिंगाने. नखाने जाणवणार नाही, तिरक्या उजेडात केसासारखी रेघ दिसते. तडा दिसला की तो रोटर कचऱ्यात टाका, खणात नको. खणात ठेवलेला रोटर कधी ना कधी कुणीतरी नवा समजून भरतो.

पावडर कशी भरली आहे

सगळं स्वच्छ आहे, कॅप नवी आहे, केबीआर मस्त फिरतं, आणि तुमचा नमुनाच डुलतो. म्हणजे वजन एका बाजूला आहे.

मी भरते ती पद्धत सांगते. रोटर उभा धरायचा, फनेलमधून चिमटीएवढी पावडर, दट्ट्याने हलकेच दाबायची, रोटर थोडा फिरवून पुन्हा दाबायची. मग पुढची चिमूट. एकदम भरून जोरात ठासलं की वर घट्ट, खाली पोकळ होतं. फिरायला लागल्यावर पावडर भिंतीकडे सरकते आणि तोल जातो. वर कॅपेच्या देठापुरती जागा सोडायची, ती खोली मापाच्या दांडीने बघायची, अंदाजाने नको. जास्त भरलं की कॅप वर उचललेली राहते, आणि मग आपण वरच्या भागात होतो तिथेच परत.

नमुना थोडाच असेल तर अर्धा रोटर रिकामा सोडू नका. स्पेसर (रिकामी जागा भरणारे तुकडे) घाला, नमुना मधोमध येऊ द्या; सिग्नलही तिथेच चांगला मिळतो.

दाणे जाड असतील तर बारीक करावेत, पण इथे रसायनशास्त्रज्ञाने जरा दमानं घ्यावं. जोरात खलल्याने काही औषधांचं स्फटिकरूप बदलतं किंवा स्फटिक मोडून अस्फटिक होतो. आधीच अस्फटिक असलेल्यात उलट स्फटिक उगवू शकतात. ज्या परस्परक्रियेचा अभ्यास करायचाय ती खलातच तयार करून ठेवली तर मग काय मोजणार? पॉलिमरची चिवट फिल्म असेल तर मी ती खलत नाही, कात्रीने तिळाएवढे तुकडे करते आणि संयमाने भरते. वेळ लागतो.

भरून झाल्यावर लगेच १० मागू नका. २-३ किलोहर्ट्झवर दहा मिनिटं फिरवा, थांबवा, काढा, कॅप उघडून बघा. बहुतेक वेळा मध्ये बोगदा पडलेला असतो. त्यात थोडी भर घाला आणि पुन्हा. डुलणाऱ्या आकड्यावर याच्याइतका गुणकारी उपाय मला सापडलेला नाही.

काही नमुने मुळातच खोडसाळ. वीज वाहणारा नमुना, धातूची पूड किंवा ग्राफाइटसारखा कार्बन, चुंबकीय क्षेत्रात फिरू लागला की त्यात भोवरी प्रवाह तयार होतात. ते ब्रेक लावतात आणि तापवतात. सिलिका मिसळून पातळ करा. लोहचुंबकीय कण असतील तर रोटर भरूच नका, आधी मशीन सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. हायड्रेट असेल तर लक्षात ठेवा की नुसत्या हवेच्या घर्षणाने नमुना दहा-पंधरा अंशांनी तापू शकतो. पाणी सुटलं की आतली वाफ कॅपला बाहेर ढकलते. सकाळी थांबलेल्या रोटरांपैकी काहींची गोष्ट हीच असते.

हवा

केबीआरही अडखळत असेल तर हा भाग.

पहिल्यांदा प्रोबच्या आधीचा दाबमापक बघा, कॉम्प्रेसरवरचा नव्हे. मध्ये नळी आहे, फिल्टर आहे, आणि त्याच लाइनवर शेजारच्या लॅबने काहीतरी जोडलेलं असू शकतं. एकदा आमचा वेग ठरावीक अंतराने खाली जाऊन परत वर यायचा. मी घड्याळ घेऊन बसले, आणि एका विद्यार्थ्याला कॉम्प्रेसरच्या खोलीत फोन हातात देऊन उभं केलं. मोटर सुरू होण्याची वेळ आणि वेग घसरण्याची वेळ तंतोतंत जुळली. टाकीतला दाब खालच्या मर्यादेला पोचला की रेग्युलेटर तो सांभाळू शकत नव्हता. नमुन्यावर घालवलेले चार दिवस पाण्यात.

पाण्यावरून आठवलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत किती ओल असते ते वेगळं सांगायला नको. ती कॉम्प्रेसर दाबतो, आणि ड्रायर दमलेला असेल तर पाणी पुढे येतं. फिल्टरच्या पारदर्शक वाटीत पाणी साचलंय का ते रोज बघा. ऑटोड्रेन अडकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. बेअरिंगची छिद्रं फार बारीक असतात. त्यात ओल, कॉम्प्रेसरचं तेल आणि सांडलेली पावडर एकत्र आली की लेप तयार होतो, आणि तो काढणं तुमच्या-माझ्या हातात नाही.

हवा तेलकट आहे का ते बघायची सोपी युक्ती: व्हॉल्व्ह बंद करून दाब उतरवा, प्रोबकडची नळी सोडवा, तिचं तोंड पांढऱ्या टिश्यूकडे धरून घट्ट पकडा आणि अगदी थोडा व्हॉल्व्ह मिनिटभर उघडा. डाग पडला तर प्रोब त्या लाइनला पुन्हा जोडायचा नाही. ड्रायर, फिल्टर आणि कॉम्प्रेसरची दुरुस्ती कंत्राटदाराची. तुम्ही फक्त वाटीतलं पाणी सोडायचं.

हाताने फिरवायची वेळ आली तर क्रम पाठ असू द्या: सुरू करताना आधी बेअरिंग, मग ड्राइव्ह. थांबवताना आधी ड्राइव्ह, वेग शून्यावर येईपर्यंत बेअरिंग चालू, ती सगळ्यात शेवटी बंद. उलट केलं तर रोटर तरंगता-तरंगता भिंतीवर घासतो.

इथे थांबा

तीन चांगले रोटर, नव्या कॅपा, कोरडी हवा, बरोबर दाब, आणि तरीही वेग येत नाही. तुमचं काम संपलं. अभियंत्याला फोन करा.

पुढचं काही घडलं तर तीन रोटरांचीही वाट बघू नका: फिरताना कडाक्याचा आवाज आला, शीळ एकदम खरखरीत झाली, जळका वास आला, रोटर बाहेर येईना, किंवा प्रोबचं ट्यूनिंग (नेमक्या वारंवारतेला जुळवणं) कालपर्यंत होत होतं आणि आज होत नाही. हवा बंद करा, प्रयोग थांबवा, रेडिओ पल्स देऊ नका. रोटर अडकला असेल तर चिमटा घालायचा नाही. आत नमुन्याभोवती गुंडाळलेली तारेची कॉइल आहे, तिला धक्का लागला तर रोटरऐवजी प्रोबचं बिल येईल. बेअरिंगच्या छिद्रांत सुई घालणारा एक महाभाग मी पाहिला आहे. छिद्र मोठं झालं, वेग कायमचा गेला.

फुटलेल्या रोटरचा चुरा आत असेल तर हवेने फुंकायचाही मोह आवरा. तो आणखी खोल जातो. आणि आत भरलेलं औषध फार प्रभावी असेल तर ते आता हवेत आहे, हे अभियंता यायच्या आधी त्याला सांगा.

प्रोब खाली काढायला तुम्हाला शिकवलं नसेल तर काढू नका. शिकवलं असेल तरी खिशात लोखंडी पाना नको. मॅग्नेट आणि त्याचं हेलियम याला तर हातच लावायचा नाही. त्याचा या दुखण्याशी काडीचा संबंध नाही.

वेग ठीक, पण शिखरं जाड

राहिलेलं लक्षण. रोटर उत्तम फिरतोय, पण बहुधा चुकीच्या कोनात. प्रोब काढला-बसवला, रोटर फुटला किंवा कुणी कोनाचा स्क्रू फिरवला की ५४.७४ अंशांवरून अंशाच्या काही दशांशाने तो हलतो. तेवढं पुरतं. औषधाच्या कार्बोनिल शिखरात हायड्रोजन बंधामुळे पडणारा फरक कधी कधी दोन-तीन पीपीएमचाच असतो. शिखरं फुगली की दोघं एकमेकांत मिसळतात आणि बंध "दिसत नाही".

केबीआर टाका, ५ किलोहर्ट्झवर फिरवा, ब्रोमाइनचे ते काटे बघा. कोन बरोबर असेल तर काटे साधारण १० मिलिसेकंदांपर्यंत टिकतात. तीन-चार मिलिसेकंदांत विरले तर कोन हललेला. स्क्रू थोडा थोडा फिरवत काटे जास्तीत जास्त लांब टिकतील असा लावा, आणि शेवट नेहमी एकाच दिशेने वळवून करा, कारण स्क्रूला ढिलाई असते. मग ॲडामँटेन हा प्रमाण नमुना: दोन शिखरं, ३८.४८ आणि २९.४५ पीपीएम. ती अरुंद नसतील तर शिमिंग करा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करून घ्या. शेवटी ग्लायसिन या दुसऱ्या प्रमाण नमुन्याचा सिग्नल वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडून बघा. कोन, शिम आणि ग्लायसिन तिन्ही जुळूनही तुमचाच नमुना जाड दिसत असेल तर तो खरोखर तसा आहे, आणि मशीनची तक्रार तिथे संपली.

एवढं झाल्यावर तुमचा अर्धवट राहिलेला प्रयोग पहिल्यापासून लावा. रोटर डुलत असताना मिळालेले स्कॅन नव्यांत मिळवू नका, कितीही तास गेले असले तरी. रोटरचा क्रमांक, कॅप कितव्यांदा वापरली, सरासरी वेग आणि तो किती हलला, हे चार आकडे फाइलच्या नावाशेजारी लिहा. उंचवट्याचा प्रश्न उद्भवला की मी पहिल्यांदा तेच मागणार आहे.